सहाव्या लेनचं घड्याळ

शालेय जलतरण स्पर्धा पुण्यात पावसाळ्यात येतात. ऑगस्टची भुरभुर चालू असते, हवेला गारठा असतो आणि त्या दिवसांत तलावाचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार लागतं. त्यामुळे पाण्यात असलेली मुलं सुखी आणि काठावर आपल्या हीटची वाट बघणारी काकडलेली. ओल्या कॉस्च्युमवर टॉवेल गुंडाळून ती रांगेत बसतात. कुणी खांदे फिरवत असतं, कुणी गॉगलच्या काचेला आतून थुंकी लावून अंगठ्याने पुसून घेत असतं, म्हणजे वाफ धरत नाही. जाळीपलीकडे आया, हातात थर्मास आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. वडील मंडळी मोबाइलवर स्टॉपवॉच उघडून तयार.

मी जाळीच्या अलीकडे असते. काही वर्षांपूर्वी टाइमकीपर कमी पडले तेव्हा एका सरांनी पालकांमधून दोघा-तिघांना आत बोलावलं आणि हातात घड्याळं दिली. ते काम माझ्याकडे राहिलं. मुलगा दहावीनंतर पोहणं सोडून आपल्या वाटेने गेला. मी मात्र दरवर्षी फोन आला की जाते. बहुतेक वेळा मला सहावी लेन मिळते. वेगवान मुलांना मधल्या लेन देतात, तीन आणि चार. सहाव्या लेनमध्ये पोहणाऱ्या मुलांकडून कुणाला पदकाची अपेक्षा नसते, आणि गेल्या काही वर्षांत मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत ती हीच मुलं.

टाइमकीपरचं काम दिसायला सोपं आहे. स्टार्ट पिस्तुलाने होणार असेल तर धूर दिसताक्षणी बटण दाबायचं, आवाज कानावर पडेपर्यंत थांबायचं नाही, हे सगळ्यात आधी शिकवतात. तलावाच्या दुसऱ्या टोकाला, पंचवीस मीटरवर उभं असाल तर आवाज पोचायला सेकंदाचे सात शतांश जातात. आमच्याकडे मुलं बहुधा शिट्टीवरच सुटतात, पण सवय ती लागलेली बरी. शर्यत संपत आली की भिंतीशी वाकून उभं राहायचं आणि नजर पाण्याखाली ठेवायची. बोटं भिंतीला टेकली की दाबायचं. मूल डोकं वर काढतं ते त्यानंतर, आणि डोक्याकडे बघत राहिलं तर पाव सेकंद फुकट त्याच्या नावावर चढतो. मोठ्या स्पर्धांत एका लेनला तीन घड्याळं असतात आणि तिन्ही वेगळी निघाली तर मधली वेळ धरतात. शालेय स्पर्धेत एका लेनला एक घड्याळ आणि एक अंगठा मिळाला तरी पुष्कळ.

या एका अंगठ्याची मला धास्ती वाटते. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं; माणसाच्या हाताला तेवढी अचूकता नाही. त्यात जिल्हा पातळीला अनेकदा वेगळी फायनल होत नाही. सगळ्या हीट होतात आणि वेळांवरून क्रमांक लागतात. म्हणजे पहिल्या हीटमधली मुलगी एका अंगठ्याने मोजलेली, तिसऱ्या हीटमधली दुसऱ्या अंगठ्याने, आणि त्या दोघींमध्ये चार शतांशांचा फरक असेल तर एक विभागाला जाते, दुसरी घरी. नावाला ही स्पर्धा. प्रत्यक्षात ती निवड चाचणीच असते. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, राज्यातून शालेय राष्ट्रीय. आपल्या विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर येतात. राज्यात असे आठ विभाग. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे वेगवेगळे गट. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण याच शिडीवर अवलंबून, आणि कुणी वरपर्यंत पोचलंच तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाची आशाही. त्यामुळे जाळीपलीकडच्या बापांचे आवाज चढतात यात मला नवल वाटत नाही.

शतांशाचं मोल काय असतं हे कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारावं. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं. खजान सिंगच्या १९८६ च्या सोलमधल्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला जलतरणात मिळालेलं ते आशियाई पदक. मधली काही वर्षं तहसीलदार म्हणून काम करून तो पुन्हा पाण्यात उतरला आणि २०१८ मध्ये जकार्तात ५० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलला पोचला. त्याची वेळ २२.४७ सेकंद. जपानच्या तिसऱ्या आलेल्या स्पर्धकाची २२.४६. त्या वेगाने एका शतांशात माणूस सव्वादोन सेंटिमीटरही पुढे जात नाही. वीरधवल चौथा.

आणि मोजमापाची हद्द कुठे संपते हेही एकदा ठरलेलं आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत सारखीच आली. मग यंत्रात सहस्रांश पाहिले आणि दोन सहस्रांशांनी लार्सनला सुवर्ण दिलं. तेवढ्या वेळात पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. कागदावर पन्नास मीटर असलेल्या दोन लेनमध्ये बांधकामातच त्याहून जास्त फरक असू शकतो, हे लोकांच्या लक्षात आलं आणि पुढे जलतरणात शतांशाच्या खाली जायचं नाही असं ठरलं. शतांशापर्यंत बरोबरी असेल तर दोघांनाही तेच पदक. मला हा निर्णय फार मोठ्या मनाचा वाटतो. जगातल्या सगळ्यात महागड्या घड्याळाच्या मालकांनी, इथून पुढचं आम्हाला मोजता येणार नाही, असं कबूल केलं.

त्याच वर्षी, त्याच देशात, म्युनिकच्या काही दिवस आधी हायडेलबर्गला पॅरालिंपिक झालं. तिथे सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि उपचार म्हणून त्यांना पाण्यात घातलं. पुढे ते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. सहाव्या लेनच्या काठावर उभी असताना मला त्यांचा तो आकडा हटकून आठवतो. चौदा वर्षांखालची कितीतरी धडधाकट मुलं ५० मीटरला ३७ सेकंदांच्या आसपासच येतात. दोन्ही पायांनी पाणी फोडत येतात आणि तिथे पोचतात. पेटकर फक्त हातांवर आले होते.

गेल्या वर्षीची एक मुलगी सांगते. सतरा वर्षांखालचा गट, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, पंचवीस मीटरचा तलाव, म्हणजे तीन वेळा भिंतीवरून वळायचं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. एक हात आधी टेकला की पंच हात वर करतात आणि मुलगी बाद. पहिले पन्नास ती मनासारखं पोहली. हात छातीखाली येईपर्यंत डोकं वर, मग हनुवटी आत आणि अंग लांब. पन्नासला वळताना ती माझ्या पायापाशी आली तेव्हा श्वासाचा आवाज ऐकू आला, पण हात दोन्ही एकदम टेकले. तिसऱ्या फेरीत पाय जड झाले. ब्रेस्टस्ट्रोकला मांड्या भरून येतात आणि किकनंतर पाय जुळायच्या आतच पुढचा हात सुटायला लागतो, मग पाण्यातलं सरकणं संपतं आणि नुसती धडपड उरते. तिचं तसं होऊ लागलं होतं. आणि मधेच, तिथे कुणी काही सांगितलेलं नसताना, तिने स्वतःहून वेग कमी केला. एका स्ट्रोकनंतर पाय जुळवून क्षणभर लांब राहिली, मग दुसऱ्यानंतर, मग तिसऱ्यानंतर. लय परत आली. शेजारच्या लेनची मुलगी घाईघाईने पुढे निघून गेली होती. ही आपल्या लयीत आली. मी वाकलेली होते. पाण्याखाली दोन पंजे, अंगठे जुळलेले, एकदम फरशीवर आले. मी बटण दाबलं.

ती पाचवी होती. धापा टाकत तिने गॉगल कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काकू, किती?"

"एक एक्केचाळीस अडतीस."

तिचा चेहरा उजळला. "खरंच? माझं एक त्रेचाळीस होतं!"

मग तिने फळ्याकडे पाहिलं. तिच्यापुढची चार नावं बरीच आधीची होती. तरीही ती पाण्यातून बाहेर येऊन आधी घड्याळ बघायला आली. मी ते पुसायच्या आधी तिला दाखवलं. तिच्याबरोबर शाळेतून कुणी आलेलं नव्हतं. क्लबचे सर होते, पण त्यांची दुसरी दोन मुलं पुढच्या हीटला उभी होती. आईवडील नोकरीवर. दोन सेकंद कमी केले हे तिने मलाच सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी जवळ नव्हतं. प्रवेशिकेवर शाळेचं नाव होतं. प्रत्यक्षात त्या शाळेचं असं तिथे ती एकटीच.

आमच्याकडे शालेय पोहणं हे असं असतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. पुण्यातल्या बहुतेक शाळांना तलाव नाही. मुलं पोहतात ती महापालिकेच्या तलावात, क्लबमध्ये, सोसायट्यांमध्ये, कॉलेजांच्या तलावांवर. पहाटे पाच-साडेपाचला उठून, मग ओल्या केसांनी शाळेत. फी घरच्यांची, सर क्लबचे, रिक्षा किंवा स्कूटर आईची. शाळा येते ती शेवटी, प्रवेशिकेवर: मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का, जन्मतारखेचा दाखला. अनेक पीटीच्या शिक्षकांनी आपल्या शाळेच्या मुलाला पोहताना कधी पाहिलेलंच नसतं, आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. एकाच दिवशी त्यांना कबड्डीचा संघ, खोखोचा संघ आणि लेझीमचं पथक सांभाळायचं असतं. कबड्डीला संघ लागतो म्हणून शाळा निवड चाचणी घेते. मैदानावर पंचवीस मुलं येतात, बारा घेतात, ती बारा वर्षभर एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढतात. पोहण्याला शाळेचा संघ असावा असं कुणाला वाटत नाही. म्हणून निवड चाचणीही थेट जिल्ह्याची, आणि तिथे पहिल्या दोघा-तिघांखालच्या मुलाला दारच नाही.

माझ्या शाळेतही वेगळं नव्हतं. मी पोहायला शिकले डेक्कनवरच्या टिळक तलावावर, मे महिन्याच्या बॅचमध्ये. माझे वडील ओंकारेश्वरापाशी मुठेत शिकले होते, पाठीला सुका भोपळा बांधून. त्यांच्या वेळची परीक्षा म्हणजे नदी पार करायची आणि परत यायचं. पावसाळ्यात लकडी पुलावरून पुराच्या पाण्यात सूर मारणारी मोठी मुलं ते तोंडात बोट घालून बघत. त्या परीक्षेत नापास होणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणीतरी काठावर हात द्यायला उभं असे. आज मुठेत कुणी बोट बुडवणार नाही इतकी ती आपण घाण केली आहे. तलाव आले, जाळ्या आल्या, घड्याळं आली आणि मुलं सुरक्षित झाली हे खरंच चांगलं झालं. पण पोहणं शाळेबाहेर राहिलं, आणि ज्यांच्या घरात क्लबची फी नाही त्यांची मुलं अजून कालव्यात आणि खाणीत साचलेल्या पाण्यात उतरतात. दर उन्हाळ्यात त्यांच्या बातम्या येतात. दोन ओळींच्या असतात आणि त्या वाचवत नाहीत.

शाळेतून आम्ही तिघी स्पर्धेला जायचो. तिघींचे तलाव वेगळे, सर वेगळे. स्पर्धेच्या दिवशी आम्ही एकमेकींना ओळख दाखवायचो आणि आपापल्या क्लबच्या घोळक्यात जाऊन बसायचो. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं, आणि पन्नास मीटरचा तो निळा लांबलचक तलाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की आता सगळं बदलणार. पुष्कळ बदललंही. पुण्यातून मोठे पोहणारे निघाले. रोहन मोरे इथलाच, २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून सात समुद्रांचं आव्हान पूर्ण करणारा पहिला आशियाई. पण माझ्यासारख्या मधल्या मुलींचं काय झालं? आम्ही वाईट पोहत नव्हतो. चौथ्या, सहाव्या, आठव्या येत होतो आणि दरवर्षी सुधारत होतो. नववी आली, क्लास लागले. कुणी अडवलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. आमच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे. अडत नव्हतं, कारण आमच्यावाचून अडेल अशी रचनाच नव्हती.

माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्या मुलीने नववीत तिथल्या शाळेच्या पोहण्याच्या संघासाठी चाचणी दिली तेव्हा मला रात्रीतून फोन आला, "मामी, मला घेतलं!" मी विचारलं, किती टायमिंग आलं? तिने सांगितलं ते ऐकून मी गप्प झाले. आमच्या जिल्ह्यातही ती बरीच मागे राहिली असती. मग तिने खुलासा केला. पहिल्या संघात मोठ्या वर्गांतल्या वेगवान मुली, व्हर्सिटी म्हणतात त्याला, आणि खाली दुसरा संघ. ही दुसऱ्या संघात. आणि मला खरा धक्का बसला तो पुढच्या माहितीने: तिच्या शाळेलाही तलाव नाही. शाळा गावातल्या वायएमसीएचा तलाव दुपारी दीड-दोन तास भाड्याने घेते. हिवाळ्यात संघाचा हंगाम असतो, बाहेर बर्फ, आणि मुली शाळेच्या बसमधून एकत्र जातात.

त्यांच्या लढती दोन शाळांमध्ये होतात. सहा लेनच्या तलावात पहिल्या नंबराला सहा गुण, मग चार, तीन, दोन, आणि पाचवीला एक. एका मुलीला एका लढतीत जास्तीत जास्त दोन वैयक्तिक शर्यती पोहता येतात. हा नियम मला फार आवडला. शाळेत एखादी असामान्य मुलगी असली तरी ती सगळं जिंकून आणू शकत नाही. उरलेल्या शर्यतींना दुसऱ्या मुली लागतातच, आणि चुरशीच्या लढतीत पाचवीचा तो एक गुण शाळेला जिंकवू शकतो. माझी भाची त्या हंगामात एकदा पाचवी आली तेव्हा काठावरच्या मुली तिच्या नावाने ओरडत होत्या. तो व्हिडिओ तिने मला पाठवला आहे. तिकडचं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. तिथेही आईबाप जिवाला लावून घेतात, तिथेही शिष्यवृत्तीची गणितं आहेत, आणि पोरी खांदे दुखावून घेतात. पण पाचव्या नंबराची किंमत त्यांनी नियमातच लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे हे नव्हतंच असंही नाही. दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना, १९१९-२० च्या सुमाराला, तिथल्या मैदानी स्पर्धांत त्यांनी खेड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुलं अनवाणी धावताना पाहिली. वेळा ताडून पाहिल्या तर त्या युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं ठरलं. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. शंभर वर्षांनंतर आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे मनातून आपल्यालाही ठाऊक आहे की संघातून गेलेला एकोणिसावा माणूस वाया गेलेला नसतो. शाळेच्या तलावकाठी मात्र आपण ते विसरतो आणि तिसऱ्या नावाखाली रेघ मारतो.

२०२० मध्ये मार्चपासून तलाव बंद झाले. धावणाऱ्याला गच्ची होती, मल्लखांबवाल्याला अंगण होतं; पोहणाऱ्याला काहीच नव्हतं. वीरधवलसारख्यालाही तेव्हा जाहीरपणे निवृत्तीचा विचार बोलून दाखवावा लागला. राज्यात स्पर्धक खेळाडूंच्या सरावासाठी तलाव उघडले ते नोव्हेंबरात. माझ्या ओळखीच्या क्लबांमध्ये पहिल्या तीन नंबरांची मुलं परत आली. मधली आली नाहीत. पाण्याशी त्यांचं नातं होतं, पण त्यांना परत बोलावणारं कुणी नव्हतं, आणि चौदाव्या वर्षी मुलाला कुणीतरी बोलवावं लागतं. टंचाईच्या उन्हाळ्यात खडकवासल्याचा साठा खाली गेला की तलावांकडेच आधी बोट दाखवलं जातं, तेव्हाही हीच मुलं गळतात.

त्या सहाव्या लेनच्या मुलीनंतर मी आमच्या भागातल्या चार शाळांमध्ये गेले. चारही मराठी माध्यमाच्या, चारही बिनतलावाच्या. म्हटलं, तलाव नको, बस नको, फक्त शाळेचा संघ आहे असं ठरवू या. पोहता येणाऱ्या मुलांची यादी करू, महिन्यातून एकदा एकत्र जमू, आणि दिवाळीनंतर एका रविवारी चार शाळांची लढत घेऊ. एका शाळेत मला चहा देऊन वाटेला लावलं. दुसरीकडे पीटीच्या बाईंनी वह्या बाजूला सारून यादी तिथेच सुरू केली. त्यांच्या शाळेत पोहता येणारी मुलं इतकी निघाली की त्यांनाच आश्चर्य वाटलं. बाकीच्या दोन शाळा तयार झाल्या, चहा देऊन वाटेला लावणारीही नंतर आली. एका तलावाने रविवारची दुपार द्यायचं कबूल केलं आहे. जीवरक्षक त्यांचे असतील. प्रत्येक लेनला दोन घड्याळं असावीत असा माझा हट्ट आहे आणि त्यासाठी पालकांमधून माणसं शिकवायला घेतली आहेत.

नियम ठरवताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो निवड चाचणीवर. एका शिक्षकांचं म्हणणं, प्रत्येक शाळेने चाचणी घेऊन आठच मुलं पाठवावीत, नाहीतर गोंधळ होईल. मला चाचणी हवी आहे. वेळ मोजून घेतल्याशिवाय मुलाला स्वतःची वाढ दिसत नाही. पण चाचणीनंतर कुणाला घरी पाठवायचं नाही असं मी म्हटलं. पंचवीस मीटर न थांबता पोहता आलं की संघात. वेळेवरून फक्त कोण कुठल्या हीटला ते ठरेल. बराच वाद झाला. शेवटी दोन संघांवर तोड निघाली, पहिला आणि दुसरा, आणि गुण दोन्हींना.

एका मुलाला दोनच वैयक्तिक शर्यती, पाचव्या नंबराला एक गुण, शेवटी मेडले रिले. रिलेच्या यादीत एक्केचाळीस अडतीसवाली ब्रेस्टस्ट्रोकला आहे. तिच्या शाळेत तिच्याइतकं कुणी पोहत नाही हे तिला या निमित्ताने पहिल्यांदाच कळलं. बॅकस्ट्रोकला एक मुलगी आहे जी सरळ पोहत नाही, तिला छतावरच्या तुळया बघत पोहायची सवय आणि हा तलाव उघडा, तेव्हा तिला दोरीच्या बाजूने हात मोजत जायला शिकवणं चालू आहे. फ्रीस्टाइलला तिघी तयार आहेत. बटरफ्लायची अडचण आहे. सातवीतली एक आहे, दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढते, पण पंधरा मीटरला दमते. नोव्हेंबरपर्यंत पंचवीस होतील असं तिचे सर म्हणतात.